पुतण्या म्हणतो, 'काकू, मी नाही येत'

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून बरंच आत. मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं काम पाहणारी गावातली कार्यकर्ती आहे. दीड वर्षाआधी माझ्या दिरानं आत्महत्या केली. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आता सोळाचा. तेव्हापासून पोरगा जवळजवळ बोलतच नाही. अकरावीत नाव आहे, पण कॉलेजात जात नाही. दिवसभर आतली खोली अन् मोबाइल. त्याची माय वावरातून आली की रडत बसते. शेजारी एक सतरा वर्षांची मुलगी आहे, बारावी अर्धी सोडून घरी बसली, तिला पाहायला पाहुणे येऊन राहिले. पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची पोरं आश्रमशाळेतून सुट्टीत आली की कोणातच मिसळत नाहीत.

गावातला एक मुलगा अमरावतीला डान्स क्लासमध्ये शिकवत होता, तो आता गावी परत आला. समाजमंदिरात फुकट शिकवतो म्हणतो. मला वाटते, यानं ह्या पोरापोरींचं मन लागेल. पण लोक म्हणतात, 'बापाले जाऊन दोन वर्सं नाई झाले अन् पोट्ट्याले नाचवता काय?' पोरींबद्दल काय बोलतात ते तर लिहीत नाही. अन् पुतण्या म्हणतो, 'काकू, मी नाही येत.' करावं का हे? का माझंच डोकं फिरलं?

– एक काकू, यवतमाळ जिल्हा

उत्तर :

ताई, करा. डोकं वगैरे काही फिरलेलं नाही. मात्र तुमच्या पत्रात दोन विषय एकात एक गुंतले आहेत. क्लास उभा राहायला महिना-दोन महिने जातील. पुतण्याचं तेवढे दिवस थांबवू नका, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते.

ज्या घरात आत्महत्या झाली, त्या घरातल्या मागे राहिलेल्यांनाही धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा एकदा, घरात दुसरं कोणी नसताना, त्याच्याजवळ बसून सरळ विचारा, 'जीव नकोसा होतो का रे कधी? मरावं असं मनात येते का?' असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची भीती खरी नाही. उलट कोणी तरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. तो 'हो' म्हणाला, किंवा नुसता मान खाली घालून बसला, तरी त्याला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच्या आज घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा. 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पुतण्या बोलणार नसेल तर तुम्ही बोला, तेही चालतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि शेतकरी कुटुंबांना मानसिक आधार देणारा आरोग्य खात्याचा 'प्रेरणा प्रकल्प' आहे, त्याचं तुमच्या आशाताईंना विचारा.

एक कागदाचं कामही बघून घ्या. वडील गेलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2250 रुपये. तुम्ही सीआरपी आहात, अर्ज कसे हलवायचे हे मी तुम्हाला काय सांगणार. पण कित्येक घरांत विधवा पेन्शनचं बघितलं जातं आणि मुलाचं राहून जातं.

आता नाचाचं.

या दीड वर्षात किती जणांनी त्या पोराला 'आता घरचा कर्ता तूच' म्हणून ऐकवलं असेल, जरा आठवा. तेरवीच्या मांडवातच सुरुवात होते. मामा म्हणतो, सोसायटीचा सचिव म्हणतो, कर्ज मागायला आलेला माणूससुद्धा त्याच्याचकडे बघून बोलतो. चौदा-पंधराव्या वर्षी एका दिवसात बाप्या करून टाकलेल्या मुलाला पुन्हा पोरगं होऊन बसायला खेड्यात जागाच नसते. पारावर म्हातारे, पानठेल्यावर मोठी पोट्टी, वावरात काम. मग उरते आतली खोली. तिथे तो आळशी झाला म्हणून बसलेला नाही, तिथे त्याला कोणी कर्ता म्हणत नाही म्हणून बसलाय, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

अशा मुलाला बोलतं करायला सगळे टपलेले असतात. नाचाच्या तासात त्याला कोणी काही विचारत नाही. डावा पाय पुढे, टाळी, गिरकी, पुन्हा डावा पाय. चुकलं तर सगळेच हसतात आणि दुसऱ्याच आवर्तनाला विसरतात. बोलावं न लागता लोकांत तासभर असणं, हे त्याला सध्या दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. शिवाय कोणी तरी बुधवारी त्याची वाट बघतंय आणि तो आला नाही तर गुरुवारी विचारतंय, 'काल काऊन नाई आला बे?' माझ्या मते क्लासचा निम्मा उपयोग या एका प्रश्नात आहे. नाच बरा येतो की नाही, हा फार पुढचा भाग.

तुम्हाला लोकांपुढे बोलावं लागेल, म्हणून दोन अभ्यास सांगते. स्वीडनमध्ये 13 ते 18 वयाच्या 112 मुलींवर एक प्रयोग झाला, 2013 मध्ये तो छापून आला. सतत पोट दुखतं, डोकं दुखतं, उदास वाटतं म्हणून शाळेच्या नर्सकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या या मुली. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास नाचाचा वर्ग दिला. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, मजा यावी एवढाच हेतू. या मुलींनी स्वतःच्या तब्येतीबद्दल दिलेलं उत्तर बाकीच्या मुलींपेक्षा सुधारलं, आणि वर्ग बंद झाल्यावर कित्येक महिन्यांनीही ते तसंच राहिलं. दुसरा ब्राझीलचा, 2015 चा. शाळकरी मुलामुलींना छोट्या गटांत नाचायला लावलं. ज्यांनी एकाच वेळी एकच पावलं टाकली, त्यांना आपल्या गटातली मुलं जास्त जवळची वाटली आणि दुखणं सोसायची त्यांची ताकदही वाढलेली दिसली. स्वीडनच्या मुलींना पाहायला पाहुणे येत नाहीत, त्यांच्या बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज नसतं, हे मलाही कळतं. तिथला आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण वर्ग कसा घ्यायचा, हे त्यातून नक्की घेता येतं: आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने न चुकता, सगळे मिळून एका ठेक्यावर, आणि कोणाला नंबर न देता.

म्हणूनच तुमच्या त्या शिकवणाऱ्या मुलाशी पहिल्याच दिवशी एक पक्कं करून घ्या. अमरावतीच्या क्लासमध्ये त्यानं जे बघितलंय, त्यात चांगलं नाचणारी चार पोरं पुढे आणि बाकीची मागे, वर्षाच्या शेवटी स्टेज, असं असणार. तुमच्या गावातही दोन महिन्यांत कोणी तरी म्हणेलच की सव्वीस जानेवारीला बसवा, दुर्गोत्सवात बसवा, सरपंचांच्या वाढदिवसाला बसवा. तुमचा क्लास मोडला तर विरोधकांमुळे नाही, या कौतुकामुळे मोडेल. स्टेज आलं की निवड आली. निवड आली की तुमचा पुतण्या आणि पोडावरची पोरं 'तू राहू दे'मध्ये जाणार, आणि ही पोरं एकदा परत गेली की पुन्हा येत नाहीत. निदान पहिलं वर्ष स्टेज नाही. मुलांनीच मागितलं तर सगळ्यांनी चढायचं, नाही तर कोणीच नाही. सरपंच रुसतील. रुसू द्या, निवडणूक लांब असली की लवकर निवळतात.

शिकवणाऱ्याबद्दल आणखी एक. नाचातून मनावर उपचार करणं ही वेगळी विद्या आहे, त्याचं रीतसर शिक्षण असतं. कोलकात्याची 'संवेद' ही संस्था 2004 पासून देहव्यापारातून सोडवलेल्या मुलींबरोबर असं काम करते, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर तिनं त्याचा पदविका अभ्यासक्रमही चालवला आहे. तुमच्या गावातला तो मुलगा डान्स शिकवतो. त्यानं तेवढंच करावं. 'मनात आहे ते बाहेर काढ, रड' असले प्रकार त्यानं वर्गात केले तर थांबवा.

लोकांच्या तोंडाचं बघू. सगळ्या गावाशी वाद घालायला जाऊ नका. साठीच्या पुढचे दोन-तीन जण गाठा आणि विचारा, तरुणपणी दंडारीत, आपल्याकडच्या त्या लोकनाट्यात, कोण कोण नाचायचं. नावं निघतील, आणि बहुतेक आज मुलांच्या नाचण्यावर बोलणाऱ्यांपैकीच एखाद्याच्या बापाचं नाव निघेल. पूर्व विदर्भात दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ बघायला लोक रात्र-रात्र बसले आहेत. खडी गंमतीत पुरुष लुगडं नेसून नाचत, त्यानं कोणाची अब्रू गेली नाही. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवरच्या कामासाठीच. हे ग्रामपंचायतीत जरूर सांगा, पद्मश्री म्हटलं की लोक खुर्चीत जरा सरळ बसतात. आणि 'बापाले जाऊन दोन वर्सं नाई झाले' म्हणणाऱ्यांशी वाद नकोच. त्यांना एवढंच विचारा की दीड वर्षात तुमच्यापैकी कोण त्या पोराला घेऊन कुठे गेलं.

मुलींसाठी मात्र वेगळा दरवाजा लागेल, आणि तो तुमच्याकडे आधीच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. त्या महिन्यात मुलींनी संध्याकाळी एका अंगणात जमणं, टिपऱ्या वाजवणं, गाणं म्हणणं, खाऊ ओळखणं याला कोणाच्या बापाची ना नसते. तुमच्या गावात ती मागे पडली असेल तर पुन्हा सुरू करा. वर्ग तिथूनच सुरू होऊ द्या. गोल तोच, ठेका तोच. कोजागिरीनंतर 'आता बंद कायले करता, बुधवार-शनिवार चालू ठेवू' असं मुलींच्या आयांनीच म्हणावं. तुमच्या बचत गटात या आयाच आहेत, हे तुमचं खरं भांडवल. गटाच्या बैठकीत विषय काढा, पुरुषांच्या कानावर तो घराघरांतून जाऊ द्या.

जागेबद्दल थोडं स्पष्ट बोलते. समाजमंदिर कोणाच्या मोहल्ल्यात आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. पण गावाला ते पाठ असतं. समाजमंदिरात घेतलं तर एका बाजूची पोरं येणार नाहीत, मारोतीच्या पटांगणात घेतलं तर दुसऱ्या बाजूची. पोडावरची पोरं तर दोन्हीकडे दाराशीच उभी राहतील. जिल्हा परिषदेची शाळा त्यातल्या त्यात सगळ्यांची असते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, किल्ली तुमच्याकडे ठेवा, झाडून-पुसून परत द्या. हेडमास्तरांची अर्धी हरकत तिथेच संपते. बाजाराचा दिवस टाळा. आणि वेळ मुलींना विचारून ठरवा, कारण संध्याकाळचं पाणी आणि भाकरी त्यांच्याच गळ्यात असतात.

पोडावरच्या मुलांना 'आम्ही तुम्हाला शिकवतो' म्हणून आणू नका. त्यांच्याकडे ढेमसा हा समूहनाच आहे, तो एक दिवस त्यांनी बाकीच्यांना शिकवावा. बुजरं पोरगं पावलं दाखवायला उभं राहिलं की कसं बदलतं ते बघाच. फक्त आधी पोडावरच्या जाणत्यांना विचारा. त्यांची दिवाळीतली दंडारी (वरच्या दंडारीहून वेगळी) हा त्यांच्या देवाधर्माचा भाग आहे, ती मोरपिसं डोक्यावर चढवून करमणूक म्हणून बसवायची गोष्ट नव्हे.

आता सुरक्षितता, यात भीड नको. शिकवणारा मुलगा गुणाचाच असेल, तरी नियम सगळ्यांसाठी. वर्गात तो एकटा कधीच नाही, गटातली एक बाई कायम हजर. दार उघडं. पाऊल दुरुस्त करायचं तर स्वतः करून दाखवायचं, मुलीला किंवा मुलाला हात लावायचा नाही. मुलांना खासगी मेसेज नाहीत, निरोप आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. अंधार पडल्यावर मुली एकट्या घरी जाणार नाहीत. आणि शूटिंग बंद, शिकवणाऱ्यालासुद्धा. आज एखाद्या मुलीचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पानठेल्यावर फिरला की उद्या सगळ्या मुली घरी बसतील आणि तुमचा क्लास त्याच दिवशी संपेल. अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या अत्याचाराला पोक्सो कायदा आहे, आणि असं काही कळल्यावर दडवून ठेवणं हाही गुन्हा आहे, हे शिकवणाऱ्याला आणि गटातल्या बायकांना आधीच सांगून ठेवा.

कळेल, हे गृहीत धरा. मुलं चार महिने एका जागी येऊ लागली की कोणी तरी काही तरी सांगतंच. शेजारच्या त्या सतरा वर्षांच्या मुलीचंच बघा. तिचं अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न ठरत असेल तर ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आधी तिच्या मायला वर्गावर बसायला बोलावलं असतं, हजेरी लिहायला म्हणून. मुलगी घराबाहेर, चार बायकांच्या नजरेसमोर, हसती-खेळती दिसली की 'घरी बसून काय करेल, लग्न करून टाकू' हा युक्तिवाद थोडा ढिला पडतो. बारावीचा फॉर्म नंबर सतराचा भरून बाहेरून परीक्षा देता येते, हेही त्याच बैठकीत सांगता येईल. हे सगळं नाच करणार नाही. नाचामुळे ती माय रोज तुमच्यासमोर येईल, बोलणं तुम्हालाच करावं लागेल.

पैशाचं फार नाही. एक बरा स्पीकर, चार्जिंगचा, कारण संध्याकाळी लाइन जाणारच. पिण्याचं पाणी, शेवटी मूठभर फुटाणे-मुरमुरे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत त्यातून मागा. शिकवणाऱ्या मुलाला मात्र थोडं का होईना मानधन द्या. फुकटचं काम उत्साह असेतो चालतं, आणि माणूस मध्येच सोडून गेला की ते अशा मुलांच्या मनाला फार लागतं, त्यांनी एक गमावलेलं असतं.

राहिला पुतण्याचा 'मी नाही येत'. त्याला नाचायला बोलवूच नका. 'तुझं मन रमेल' तर अजिबात म्हणू नका, ते ऐकून तो आणखी आत जाईल. स्पीकर त्याच्या ताब्यात द्या. दिवसभर मोबाइलवर असतो ना, मग गाण्यांची यादी, ब्लूटूथ, चार्जिंग हे त्याचं खातं. 'मले हे समजत नाही बाप्पा, तू तेवढं लावून दे अन् ये निघून' एवढंच. तो भिंतीला टेकून बसेल. बसू द्या. कोणी त्याला ओढून रांगेत आणायचं नाही, शिकवणाऱ्यानंही नाही, हे बजावून ठेवा. महिनाभर नुसता बसला तरी घराबाहेर आठ संध्याकाळी झाल्या. आणि नाहीच आला तर तो क्लासचा किंवा तुमचा पराभव समजू नका. एखाद्याला क्रिकेट लागतं, एखाद्याला खंजेरीचं भजन, एखाद्याला नुसतं कोणाबरोबर वावरात जाऊन काही न बोलता डवरणी करणं. त्याला काय लागतं ते शोधत राहा, आणि 14416 जवळ ठेवा.

सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी लागली की हजेरी निम्म्यावर येईल. तेव्हा मुलं विटली असं समजून गाशा गुंडाळू नका. वेचणीच्या दिवसांत आठवड्याला एकच वार ठेवा, पण तो चुकवू नका, दोनच पोरं आली तरी स्पीकर लावा. कोजागिरीच्या सुमारास किती जणी टिकल्या ते कळवा.